निकालातलं दुसरं नाव

८ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात गामा पैलवानाने बेंजामिन रोलर नावाच्या अमेरिकन मल्लाला दोनदा चीत केलं. पहिली कुस्ती १ मिनिट ४० सेकंदांत, दुसरी ९ मिनिटं १० सेकंदांत. गामाबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात हे आकडे हमखास येतात. रोलरबद्दल मात्र एवढंच कळतं, की तो हरला. हा माणूस पेशाने डॉक्टर होता. सिएटल शहरात त्याचं नाव होतं, तरुणपणी अमेरिकी फुटबॉल खेळलेला होता आणि फ्रँक गॉचसारख्या जगज्जेत्याशी त्याने झुंज घेतलेली होती. त्या संध्याकाळी लंडनकरांनी पैसे मोजले ते त्याच्या नावावर. हिंदुस्थानातून आलेल्या बुटक्या मल्लाला तिथे कोणी ओळखत नव्हतं. रोलर लायकीचा होता म्हणून गामाच्या विजयाला किंमत आली, आणि ती किंमत वसूल झाल्यावर रोलरला कोणी विचारलं नाही.

हे पुस्तक अशा माणसांचं आहे. कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन या नावाने जी धंदेवाईक कुस्ती साधारण १८७० ते १९२५ या काळात इंग्लंड-अमेरिकेत चालली, तिच्या इतिहासात फ्रँक गॉच, जॉर्ज हॅकेनश्मिट आणि एड लुइस ही तीन नावं इतकी पसरून बसली आहेत की चौथ्याला टेकायला जागा नाही. माझं म्हणणं असं, की हा खेळ या तिघांपेक्षा त्यांच्याकडून हरलेल्यांनी, त्यांच्या आधी हरलेल्यांनी आणि त्यांना शिकवणाऱ्यांनी घडवला. त्या माणसांचा विसर पडला याचा दोष नुसता काळाला देऊन भागणार नाही. त्या धंद्याची हिशेब ठेवण्याची रीतच अशी होती की विसर पडावा. पुढे तर विसर पडण्यातच धंद्याचा फायदा होता.

आधी खेळाविषयी. कॅचचं माहेर म्हणजे इंग्लंडच्या वायव्येचा लँकेशर परगणा. विगन, बोल्टन, लीच्या आसपासचा कोळशाच्या खाणींचा आणि सुती गिरण्यांचा मुलूख. दिवसभर खाणीत नाहीतर मागावर राबणारी पोरं सुट्टीच्या दिवशी दारूच्या गुत्त्यामागच्या हिरवळीवर कुस्त्या धरत. गिऱ्हाइकं जमत, पैजा लागत, गुत्तेवाल्याची विक्री होई. मुंबईच्या गिरणगावातल्या तालमी ज्यांना आठवतात त्यांना हे चित्र फार परकं वाटू नये. नियम सैल होते. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात लावता येत नाही, पायाचा वापर करता येत नाही. इथे दोन्हीला मुभा. समोरचा खाली पडला तरी कुस्ती थांबत नाही, उलट खरी कुस्ती तिथूनच सुरू होते. दोन्ही खांदे एकदम टेकवायचे, किंवा कोपर, खांदा, गुडघा, घोटा असा एखादा सांधा पिळून हार कबूल करून घ्यायची. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती निकाली निघते, तिथे बहुतेक तीनपैकी दोन फेऱ्या जिंकाव्या लागत. त्यामुळे पहिल्या फेरीत मार खाऊन दुसरीत दम राखणारा, समोरच्याला थकवून तिसरीत गाठणारा चिवट मल्ल या खेळात टिकला. निव्वळ ताकदवान माणसाचं तिथे फार दिवस चाललं नाही.

या परगण्यातून तीन माणसं अमेरिकेत गेली: एडविन बिबी, जो अ‍ॅक्टन, टॉम कॉनर्स. अमेरिकेतल्या कॅचची पाळंमुळं शोधायला गेलं की हीच तीन नावं हाताला लागतात, पण तिथल्या सर्वसाधारण क्रीडारसिकाला त्यातलं एकही ठाऊक नसतं. बिबीने १८८१ साली न्यू यॉर्कमध्ये डंकन रॉसला हरवून अमेरिकेतल्या कॅचच्या विजेतेपदावर हक्क सांगितला. पुढच्याच वर्षी अ‍ॅक्टनने तो हिसकावून घेतला. अ‍ॅक्टन अंगाने लहानखुरा, टोपणनाव ‘छोटा सैतान’. आपल्याहून कितीतरी वजनदार माणसांना त्याने लोळवलं. अमेरिकन शेतकऱ्यांच्या धिप्पाड पोरांनी त्याच्याकडे पाहून एक गोष्ट ओळखली: या कुस्तीत वजन हा निम्माच हिशेब आहे, उरलेला निम्मा शिकावा लागतो. पुढच्या पिढीचं सगळं वस्तादपण या एका जाणिवेतून आलं.

कुस्ती ठरायची कशी, हेही सांगायला हवं, कारण त्यातच विस्मरणाचं मूळ आहे. संघटना नव्हती, क्रमवारी नव्हती, सरकारी नोंद नव्हती. मल्ल किंवा त्याचा पाठीराखा वर्तमानपत्रातून आव्हान द्यायचा आणि सोबत अनामत रक्कम ठेवायचा. समोरच्याने तितकीच रक्कम टाकली की करार व्हायचा: शैली कोणती, फेऱ्या किती, गळा आवळायला परवानगी आहे की नाही, पंच कोण, तिकिटाच्या उत्पन्नाची वाटणी कशी. न्यू यॉर्कचा रिचर्ड फॉक्स ‘नॅशनल पोलिस गॅझेट’ या गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या चटपटीत साप्ताहिकातून अशी आव्हानं छापी, पट्टेही देई. विजेता कोण? ज्याने स्वतःला विजेता म्हटलं आणि ज्याचं म्हणणं वर्तमानपत्रांनी मान्य केलं तो. म्हणजे नोंद राहायची ती बातमीच्या रूपात, आणि बातमी विजयाची. हरलेल्याचं नाव त्या बातमीत दुसऱ्या क्रमांकावर, पुष्कळदा चुकीच्या स्पेलिंगने. परदेशी नाव असेल तर विचारूच नका.

मात्सुदा सोराकिचीचं नाव अमेरिकन पत्रांनी किती तऱ्हांनी छापलं याची गणती नाही. जपानात सुमो शिकलेला हा तरुण १८८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत आला आणि तिथे धंदेवाईक कुस्ती करणारा पहिला जपानी ठरला. सुमोत जमिनीवर लोळून कुस्ती होत नाही, हाताचा पंजा टेकला तरी खेळ संपतो. असा माणूस लँकेशरी पद्धतीच्या फडात उतरला आणि बिबी, विल्यम मल्डून अशा तयार मल्लांशी भिडत भिडत ती पद्धत शिकत गेला. लोक त्याला पाहायला येत ते बरेचसे नवलाई म्हणून. १८८६च्या सुरुवातीला शिकागोत त्याची विस्कॉन्सिनच्या इव्हान लुइसशी दोनदा गाठ पडली. लुइसला लोक ‘स्ट्रँग्लर’ म्हणत, कारण मागून गळ्याभोवती हाताचा विळखा घालणं हा त्याचा हुकमी डाव. पहिल्या खेपेला त्याने सोराकिचीला या विळख्याने संपवलं. दुसऱ्या खेपेला गळा धरायचा नाही असं ठरलं, तेव्हा त्याने पाय धरला आणि असा पिळला की कुस्ती सुरू होते न होते तोच संपली आणि सोराकिची लंगडत बाहेर पडला. प्रेक्षकांनी लुइसची छीथू केली, आणि पुढच्या वेळी तितक्याच उत्साहाने त्याची तिकिटं घेतली. सोराकिची १८९१ साली न्यू यॉर्कमध्ये वारला, तेव्हा तो तरुणच होता. ज्या देशात पुढे या कुस्तीला देव्हाऱ्यात बसवलं गेलं, तिथून या खेळात आलेला तो पहिला माणूस. या पुस्तकात त्याला जास्तीची पानं दिली आहेत, ती दयेपोटी दिलेली नाहीत. एका शैलीतून दुसऱ्या शैलीत जाणाऱ्या मल्लाला काय काय विसरावं लागतं, याचं इतकं उघडं उदाहरण दुसरं नाही.

इव्हान लुइसचीही पुढे गंमत झाली. १८९३च्या मार्चमध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याने ग्रीको-रोमनच्या अर्नेस्ट रोबरला हरवलं. पाच फेऱ्यांची ही कुस्ती दोन्ही शैलींत झाली होती, त्यामुळे अमेरिकेचा अव्वल मल्ल कोण हा वाद काही काळ मिटला. पण आज ‘स्ट्रँग्लर लुइस’ म्हटलं की लोकांना आठवतो तो एड लुइस, विसाव्या शतकातला. त्याचं खरं नाव रॉबर्ट फ्रेडरिक. आडनाव आणि टोपणनाव दोन्ही त्याने जुन्या लुइसकडून उचललं. हरल्यामुळे विसरला गेलेला मल्ल समजू शकतो. याचं तर नावच दुसऱ्याने वापरून संपवलं.

जुन्या लुइसला १८९५ साली शिकागोत मार्टिन बर्न्सने हरवलं. बर्न्स आयोवाचा शेतकरी, म्हणून ‘फार्मर’. वजन जेमतेम पंचाहत्तर किलो, पण मान अशी कमावलेली, की जत्रांतून तो गळ्यात फास अडकवून फळीवरून खाली उडी घ्यायचा आणि लटकल्या लटकल्या शीळ घालायचा. हा प्रयोग कोणी घरी करू नये. बर्न्सचं खरं मोठेपण त्या फासात नाही, त्याच्या शिकवण्यात आहे. गॉच त्याचा पठ्ठा. ओमाहात त्याची शाळा होती, आणि १९१४च्या सुमारास त्याने टपालाने धडे पाठवून कुस्ती शिकवायला सुरुवात केली. ज्या गावात वस्ताद नव्हता तिथल्या पोरांनी ते धडे वाचून कोठारातल्या गवतावर डाव बसवले. बर्न्सला १८९७ साली डॅन मॅक्लाउडने हरवलं, मॅक्लाउडला टॉम जेंकिन्सने, जेंकिन्सला गॉचने. पुस्तकांत ही साखळी एका ओळीत उरकली जाते. मला तिच्यातली प्रत्येक कडी हातात घेऊन पाहावीशी वाटते.

मॅक्लाउडची एक गोष्ट सांगितली जाते. १८९९ साली आयोवातल्या लुव्हर्न या खेड्यात तरुण गॉचची एका अनोळखी माणसाशी कुस्ती लागली. त्या माणसाने आपण फर्निचरचे व्यापारी असल्याचं सांगितलं होतं. गॉच पावणेदोन-दोन तास झुंजून हरला आणि नंतर कळलं, की हे व्यापारी म्हणजे अमेरिकेचे विजेते डॅन मॅक्लाउड. गोष्टीला तिखटमीठ लागलं असेल, पण मुळात ती अशक्य नाही, कारण धंदाच असा चाले. नामांकित मल्ल खोट्या नावाने गावात यायचा, चार-सहा महिने मजुरी करायचा, दारू प्यायचा, बढाया मारायचा. मग साथीदार त्याची जोड ठरवायचा, गावकरी आपल्या पोरावर पैसे लावायचे आणि नागवले जायचे. खुद्द गॉच १९०१ साली कॅनडाच्या युकॉन भागात सोन्याच्या खाणींवर ‘फ्रँक केनेडी’ या नावाने हेच करत होता. आयोवाच्या कौन्सिल ब्लफ्स शहरात मॅब्रे टोळीने तर शर्यती, मुष्टियुद्धं आणि कुस्त्या यांच्या नावाखाली सावजं लुबाडण्याचा कारखानाच काढला; १९१० साली त्यांच्यावर खटला चालून शिक्षा झाल्या. एकाच माणसाच्या तीन-तीन नावांनी झालेल्या कुस्त्या आज कोण कशा जुळवणार? त्या काळच्या मल्लाच्या जय-पराजयाचा नेमका आकडा कोणी छातीठोक सांगू लागला, की मी सावध होतो.

फ्रेड बीलची कहाणीही याच धुक्यात आहे. विस्कॉन्सिनच्या मार्शफील्डचा हा लहान चणीचा मल्ल. १ डिसेंबर १९०६ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये त्याने गॉचला हरवलं. गॉचचं डोकं खांबावर आपटलं, असं सांगण्यात आलं. १७ डिसेंबरला कॅन्सस सिटीत गॉचने विजेतेपद परत घेतलं. सोळा दिवस. पैजेच्या पैशासाठी ठरवून घडवलेला हा खेळ होता, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे आणि मलाही ते पटतं. पण बील त्यामुळे खोटा मल्ल ठरत नाही. नुरा कुस्ती करायलाही जोडीदार असा लागतो की तो जिंकला तर लोकांना खरं वाटावं, आणि गॉचच्या विरुद्ध तसे फारच थोडे होते. बील पुढे आपल्याच गावात पोलिसात राहिला आणि १९३३ साली दरोडेखोरांच्या गोळीने मारला गेला.

गॉच आणि हॅकेनश्मिटच्या दोन लढती (शिकागो, ३ एप्रिल १९०८ आणि ४ सप्टेंबर १९११) यांच्याविषयी इतकं लिहून झालं आहे की इथे त्यांना थोडक्यात निरोप दिला आहे. पहिल्या लढतीत गॉचने अंगाला तेल लावलं होतं का, दुसरीच्या आधी हॅकेनश्मिटचा गुडघा कोणी दुखावला, हे वाद ज्यांना रुचतात त्यांना अन्यत्र भरपूर सामग्री मिळेल. मला त्याच लंडन-शिकागोच्या झगमगाटाच्या कडेला उभे असलेले लोक महत्त्वाचे वाटतात. उदाहरणार्थ, आर्मांड शेर्पियो हा स्वित्झर्लंडचा मल्ल. तो लंडनच्या बार्टित्सू क्लबात कुस्ती शिकवायचा, तिथे जपानी जुजुत्सूच्या उस्तादांबरोबर त्याची ऊठबस होती. १९११ साली अहमद बख्शने त्याला हरवलं आणि आपल्याकडच्या लिखाणात तो शिल्लक राहिला तो एवढ्यापुरता. तो अहमद बख्श तरी आपल्याला कितपत आठवतो? १९१०च्या त्या ताफ्यात गामाबरोबर त्याचा भाऊ इमाम बख्श होता, अहमद बख्श होता, जालंदरचा गामू होता. बंगालमधल्या शरत् कुमार मित्रा या धनिकाने खर्च उचलला, बेंजामिन नावाच्या ठेकेदाराने लंडनमध्ये कुस्त्या लावल्या. इमाम बख्शने स्विस मल्ल जॉन लेमला दोन्ही फेऱ्या मिळून पाचेक मिनिटांतच गुंडाळलं. उभ्याने खेळण्यात इमाम गामापेक्षा सरस होता, असं म्हणणारे जाणकार आहेत. तरीही तो राहिला गामाचा भाऊ.

कोलकात्याचे गोबर गुहा यांच्या वाट्याला निदान बंगालमध्ये मान आला. १९२१ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी अ‍ॅड सँटेलला हरवून लाइट-हेवीवेट गटाच्या जागतिक विजेतेपदावर दावा केला. हा सँटेल म्हणजे जर्मनीत जन्मलेला, कॅचमधल्या सर्वांत धोकादायक माणसांपैकी एक. त्याच वर्षी तो तोक्योत जाऊन यासुकुनी देवळाच्या आवारात कोदोकानच्या जुदोपटूंशी लढून आला होता. दोन माणसांची ही एक कुस्ती नीट उलगडली तर बंगाल, जर्मनी, जपान आणि कॅलिफोर्निया एका चटईवर येतात. गॉचच्या एकाही लढतीत इतका मोठा प्रदेश मावत नाही.

आता विसर पडण्यातल्या फायद्याकडे वळतो. पहिल्या महायुद्धानंतर लांबलचक, संथ कुस्त्यांना गिऱ्हाईक मिळेना. ४ जुलै १९१६ रोजी ओमाहात जो स्टेचर आणि एड लुइस पाच तास झुंजले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. उन्हात बसलेल्या प्रेक्षकांचा किती अंत पाहिला गेला असेल, याची कल्पना करावी. एड लुइस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी मग धंदा नव्याने मांडला. कुस्ती छोटी, वेगवान, उड्या-आपटीची; निकाल आधीच ठरलेला; मल्लांचा ताफा गावोगाव फिरणार. ८ जानेवारी १९२५ रोजी कॅन्सस सिटीत त्यांनी वेन मन नावाच्या अवाढव्य फुटबॉलपटूला एड लुइसवर विजय मिळवून दिला. मनला कुस्ती येत नव्हती, पण तो दिसायचा भारी. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात त्याची जोड पंचेचाळिशीच्या एका मल्लाशी लावली होती. त्या मल्लाने हरायचं ठरलं होतं. तो हरला नाही. त्याने मनला पुन्हा पुन्हा चटईवर टेकवलं, इतकं उघडपणे, की पंचाला निकाल देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

तो मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को. १९१०च्या सप्टेंबरात लंडनला अडीच तासांहून अधिक वेळ गामासमोर पोटावर पडून राहिलेला आणि पुन्हा ठरलेल्या दिवशी न आलेला तोच पोलंडचा झिबिस्को. १९२८ साली पतियाळ्यात गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केलं तोही तोच. आपण त्याला पळपुटा म्हणून ओळखतो. पण फिलाडेल्फियाच्या त्या रात्री त्याने दाखवून दिलं, की विजेतेपद रंगवता येतं, कुस्ती येण्याचं सोंग वठत नाही. (म्हातारपणी त्याने ‘नाइट अँड द सिटी’ या १९५०च्या इंग्रजी चित्रपटात जुन्या मल्लाची भूमिका केली. चित्रपटातली त्याची शेवटची कुस्ती जरूर पाहावी. त्या वयातही त्याची पकड नटाची वाटत नाही.) धंदेवाल्यांनी या प्रसंगातून धडा घेतला तो भलताच. खरी कुस्ती येणारा माणूस जोखमीचा, म्हणून त्याला एकतर पहारेकरी करून ठेवा किंवा फडाबाहेर काढा. खेळ ठरवून होतो हे लपवायचं तर, तो पूर्वी कसा होत असे याच्या आठवणीही नकोत. जुने मल्ल कोपऱ्यात गेले ते असे.

स्त्रियांच्या बाबतीत तर आठवण जमायच्या आधीच पुसली गेली. कोरा लिव्हिंगस्टन १९१०च्या सुमारास स्त्रियांमधली विजेती म्हणवली जात होती. नाटकगृहातल्या विविधरंगी खेळांत ती कुस्त्या करायची. एका भरलेल्या आयुष्याची पुस्तकांतली ओळख मात्र प्रवर्तक पॉल बाउझरची बायको अशी आहे.

मराठी वाचकाने या सगळ्याशी आपला काय संबंध, असं विचारलं तर त्याला कराडजवळच्या गोळेश्वरला, खाशाबा जाधवांच्या गावी न्यावं लागेल. ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल कुस्ती ही कॅचचीच हौशी शाखा. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तर ती कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन याच नावाने खेळली गेली. १९४८ साली खाशाबा जाधव लंडनला गेले तेव्हा मातीत वाढलेल्या या माणसाला चटईची सवय नव्हती. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तयार केलं आणि ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक. लँकेशरच्या खाणकामगारांचे आणि आयोवाच्या शेतकऱ्यांचे डाव असे फिरत फिरत कराडजवळच्या एका पैलवानापर्यंत पोचले. ते पोचवणारे बहुतेक निकालात दुसऱ्या नावाचे लोक होते, कारण जिंकणारा पुढच्या कुस्तीला निघून जाई आणि शिकवायला मागे राहायचा तो हरलेला. विगनला बिली रायलीच्या पत्र्याच्या छपराखालच्या तालमीत शिकलेल्यांनी पुढे जपानात कॅच रुजवली, ती गोष्टही याच जातीची.

पुस्तकाच्या रचनेबद्दल दोन शब्द. प्रकरणं काळाच्या क्रमाने आहेत, पण त्याच क्रमाने वाचायला हवीत असं नाही. वजनं किलोत दिली आहेत आणि ती जाहिरातीतली असल्यामुळे थोडी पातळ करून घ्यावीत. पैजांच्या भानगडीत रस असलेल्याने थेट युकॉन आणि मॅब्रे टोळीकडे जावं. कुस्ती खेळलेल्याने सोराकिचीपासून सुरुवात करावी. प्रत्यक्ष डोळ्यांनी काही पाहायचं असेल तर ३० जानेवारी १९२० रोजी न्यू यॉर्कमध्ये झालेल्या अर्ल कॅडॉक आणि जो स्टेचर यांच्या कुस्तीच्या चित्रफितीचा काही भाग शिल्लक आहे. कॅडॉक युद्धावरून आला होता, विषारी वायूने त्याची फुप्फुसं पूर्वीसारखी राहिली नव्हती. तो किती वेळ तग धरतो ते पाहावं.

टॉम जेंकिन्सला शेवटी ठेवलं आहे. क्लीव्हलँडच्या पोलादाच्या गिरणीतला हा कामगार, लहानपणीच एक डोळा गमावलेला. त्याने गॉचला हरवलं होतं आणि गॉचकडून मारही खाल्ला होता. १९०५ साली तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कुस्तीचा शिक्षक झाला आणि १९४२पर्यंत तिथेच राहिला. आयसेनहॉवर आणि ब्रॅडली तिथे कॅडेट होते ते याच काळात. त्याची नोकरी संपली तेव्हा गॉचला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.